न भरणारी जखम आणि पायाखालची माती

मृगाची पहिली सर तापलेल्या जमिनीवर पडली की जो ओला सुगंध दरवळतो, त्याचे वर्णन कवींनी पुष्कळ केले आहे. तो सुगंध बव्हंशी मातीत वास करणाऱ्या अतिसूक्ष्म जीवाणूंनी निर्माण केलेल्या एका द्रव्याचा असतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. या जीवाणूंच्या एका मोठ्या कुळाचे नाव 'स्ट्रेप्टोमायसिस'. चिमूटभर सुपीक मातीतही ते लक्षावधींच्या संख्येने नांदत असतात. क्षयरोगावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, याच कुळातून मिळाले आणि त्या शोधाबद्दल सेलमन वॅक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या कुळाशी पुण्याचा संबंध जुना आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधकांनी पिंपरीच्याच मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक औषध शोधून काढले. ज्या जीवाणूने ते दिले त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरीचे नाव गुंफले गेले. आपल्या पायाखालच्या मातीने औषध दिल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

परंतु याच कुळाशी नाते सांगणारे काही जीवाणू औषध देत नाहीत, रोग देतात. त्यांतील प्रमुख 'नोकार्डिया'. एदमोँ नोकार या फ्रेंच पशुवैद्यकाने १८८८ साली तो गुरांच्या एका रोगात प्रथम पाहिला आणि त्याचेच नाव या जीवाणूला मिळाले. माती, शेणखत, कुजका पालापाचोळा हे त्याचे घर. शेतात वा बागेत काम करणाऱ्या माणसाचा त्याच्याशी जन्मभर संबंध येतो आणि बहुसंख्यांना त्यापासून काहीही उपद्रव होत नाही. ज्यांची रोगप्रतिकारक शक्ती दुर्बल झाली आहे, त्यांच्या बाबतीत मात्र काट्याच्या ओरखड्यातून शिरलेला हाच जीवाणू जीवघेणा ठरू शकतो. अशा माणसांची संख्या आता शहरांत आणि खेड्यांतही वाढत आहे. म्हणून या विषयाकडे केवळ डॉक्टरांनी नव्हे, तर शाळा, पंचायत आणि शासकीय कार्यालये यांनीही लक्ष देणे आवश्यक झाले आहे.

साताऱ्याचे सिव्हिल सर्जन

मातीतील जीवाणू त्वचेत शिरून रोग करतात, ही जाणीव महाराष्ट्रात आजची नाही. दक्षिणेतील मदुरा येथे जॉन गिल या डॉक्टरने १८४२ साली पायाच्या एका विचित्र रोगाची नोंद केली होती. पाऊल सुजून बेढब होई, त्याला जागोजागी छिद्रे पडत आणि त्यांतून रव्यासारखे कण बाहेर येत. 'मदुरा पाय' हे त्याचे नाव आजही प्रचलित आहे. या रोगाचा कसून अभ्यास केला तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी. शरीररचनाशास्त्रावरील ग्रे यांच्या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे ते हेच कार्टर. १८६० साली त्यांनी या रोगास 'मायसेटोमा' हे नाव दिले. पुढे काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते आणि १८७४ साली त्यांनी या रोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

कार्टर यांनी हा रोग बुरशीचा मानला. पुढील संशोधनाने दाखवून दिले की तो काही रुग्णांत बुरशीमुळे, तर काही रुग्णांत नोकार्डिया व त्याच्या भाईबंद जीवाणूंमुळे होतो. हा भेद केवळ पुस्तकी नाही. दोहोंची औषधे वेगळी आहेत. जीवाणूंमुळे झालेला रोग औषधांनी पुष्कळदा बरा होतो. बुरशीच्या रोगात अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मायसेटोमाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला.

मायसेटोमाचे रुग्ण बहुधा धडधाकट, अनवाणी काम करणारे शेतकरी व मजूर असतात. त्यांच्या शरीरात जीवाणू आणि प्रतिकारशक्ती यांची झुंज वर्षानुवर्षे चालते आणि रोग बहुतेक पायापुरताच राहतो. दुर्बल प्रतिकारशक्तीच्या माणसात हे बंधन राहत नाही. त्याच्या त्वचेवर उठलेली गाठ काही आठवड्यांतच फुफ्फुसात आणि मेंदूत जाऊन पोहोचू शकते. कधी क्रम उलटाही असतो; श्वासावाटे गेलेला जीवाणू प्रथम फुफ्फुसात रुजतो आणि त्वचेवरील गाठ ही त्याची बाहेर दिसलेली पहिली खूण ठरते. म्हणून अशा रुग्णाच्या गाठीकडे केवळ 'कातडीचा आजार' म्हणून पाहता येत नाही.

तटबंदी ढासळते तेव्हा

त्वचा ही शरीराची बाहेरची तटबंदी होय. तीतून जंतू आत शिरलाच, तर रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्यावर धावून जातात आणि त्याला गिळून टाकतात. जे जंतू गिळल्यानंतरही पेशीत जिवंत राहतात, त्यांच्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या पेशी हुकूम देऊन अधिक जोरकस हल्ला घडवून आणतात. यांपैकी कोणतीही फळी कोसळली तरी वाट मोकळी होते.

ही फळी कोसळण्याची कारणे अनेक आहेत. कर्करोगावरील औषधांनी पांढऱ्या पेशींची संख्या काही दिवस अगदी कमी होते. ज्यांच्यावर मूत्रपिंडाचे रोपण झाले आहे, त्यांना नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कायम घ्यावी लागतात. एचआयव्हीचा विषाणू हुकूम देणाऱ्या पेशींचाच नाश करतो. दमा, संधिवात यांसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे रुग्ण, मूत्रपिंड वा यकृत निकामी झालेले रुग्ण, अतिवृद्ध आणि कुपोषित हेही याच गटात येतात. थोड्या बालकांत हा दोष जन्मजात असतो. एखाद्या मुलाला वारंवार गळवे होत असतील, लसिकाग्रंथी सुजून फुटत असतील, तर त्या दृष्टीने तपासणी करावी लागते. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा तपासण्यांची सोय आहे.

या सर्वांत संख्येने मोठा गट मधुमेहींचा. अनियंत्रित मधुमेहात पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, पायांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि पायांची संवेदनाही जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. हा रोग शहरातील स्थूल माणसांचा, ही समजूत अजून खेड्यांत रूढ आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा जो अभ्यास केला, त्याने या समजुतीला धक्का दिला. येथील नवजात बालके वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. सडपातळ दिसणारा माणूसही मधुमेही असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. शेतात राबणाऱ्या काटक माणसाच्या पायाची जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर त्याच्या रक्तातील साखर तपासणे हे पहिले काम होय. पुष्कळांना आपल्या मधुमेहाचा पत्ता अशाच एखाद्या जखमेतून लागतो.

आषाढी वारीचे दृश्य या संदर्भात डोळ्यांसमोर येते. आळंदी आणि देहूच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात आणि पुढे ऐन पावसात पंढरीकडे चालू लागतात. वारकऱ्यांत वयोवृद्ध मधुमेही पुष्कळ, आणि अनवाणी चालण्याचा नेम करणारेही पुष्कळ. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला रुतलेला काटा कळतच नाही. कळतो तो रात्री पाय धुताना, तोही पाय निरखून पाहिला तर. वाटेवरील आरोग्य पथकांकडे अशा माणसाने केवळ मलमपट्टी मागू नये, आपल्याला मधुमेह आहे हेही आवर्जून सांगावे. जखमेवर माती, राख किंवा शेण लावण्याची जुनी रीत तर कोणाच्याही बाबतीत टाळावी. ज्याची प्रतिकारशक्ती दुर्बल आहे, त्याच्या बाबतीत तिने जंतू हातानेच आत पेरल्यासारखे होते.

'प्रतिकारशक्ती' हा शब्द २०२० च्या साथीपासून घरोघरी झाला आणि ती वाढविण्याचा दावा करणारे काढे व चूर्णेही त्यामागून घरोघरी आली. रोपणाच्या औषधांनी किंवा मधुमेहाने खालावलेली शक्ती अशा काढ्याने भरून येत नाही. त्याच साथीत स्टिरॉइड आणि अनियंत्रित साखर एकत्र आल्यावर काय होते, हे २०२१ साली काळ्या बुरशीच्या रुग्णांनी महाराष्ट्राला दाखविले. ती बुरशी होती, जीवाणू नव्हता. पण वाट तीच होती.

ओळख का पटत नाही

या रोगांत खरी अडचण औषधाची नाही, ओळखण्याची आहे. सर्वसाधारण माणसाच्या जखमेत जंतू शिरले की ती लाल होते, ठणकते, पू होतो, ताप येतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. ज्याच्या रक्तात पांढऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत, त्याच्या जखमेत पू होणार कोठून? स्टिरॉइड घेणाऱ्यास तापही पुष्कळदा येत नाही. म्हणजे रोग जितका गंभीर, तितकी जखम वरवर शांत दिसण्याचा संभव असतो. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या अंगावर लाल चट्टा उठून एका दिवसात त्यावर काळी खपली धरली, तर ते 'स्यूडोमोनास' या जंतूचे लक्षण असू शकते. तो जंतू रक्तात पसरलेला असल्याची शक्यता मोठी असते आणि अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णास त्याच रात्री रुग्णालयात न्यावे लागते.

नोकार्डियाचा वेग याच्या उलट आहे. प्रयोगशाळेत जखमेतील द्राव पोषक द्रव्यावर ठेवला की नेहमीचे जंतू एका-दोन दिवसांत वाढतात. म्हणून सर्वसाधारण तपासणीत दोन दिवसांनी 'जंतू आढळले नाहीत' असा अहवाल देऊन बशी टाकून दिली जाते. नोकार्डिया दिसू लागण्यास अनेकदा पाच-सात दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. बशी ठेवली असती तर त्यावर खडूच्या भुकटीसारखे खडबडीत ठिपके उठले असते आणि झाकण उघडताच ओल्या मातीचा वास आला असता. ती टाकून दिल्याने रुग्ण 'जंतू नाहीत' असा कागद घेऊन घरी जातो.

दुसरी गफलत क्षयरोगाशी होते. क्षयाचे जंतू ओळखण्यासाठी जो रंग वापरतात, तो नोकार्डियाही थोडाफार धरून ठेवतो. छातीच्या क्ष-किरण चित्रात दोहोंच्या छाया सारख्या दिसू शकतात. क्षयरोग आपल्याकडे सर्वत्र आहे, नोकार्डिया क्वचित; तेव्हा डॉक्टरचे मन क्षयाकडे झुकणे स्वाभाविक आहे. परंतु क्षयाची औषधे महिनोन्महिने घेऊनही रुग्णास उतार पडत नसेल आणि क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी नकारात्मक असेल, तर निदान पुन्हा तपासून पाहिले पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली अनुभवी डोळ्याला दोहोंतला फरक कळतो. क्षयाचे जंतू सुट्या काड्यांसारखे, तर नोकार्डिया झाडाच्या बारीक फांद्यांसारखा पसरलेला दिसतो.

पाण्याचीही काही मंडळी आहेत. क्षयजंतूचाच एक नातलग, मायकोबॅक्टेरियम मरायनम, माशांच्या टाकीत आढळतो; टाकी साफ करणाऱ्याच्या बोटावर गाठ येते आणि हळूहळू हातावरून वर सरकते. प्रयोगशाळेत तो शरीराच्या उष्णतेवर नीट वाढत नाही, त्याला ३० अंशांच्या आसपासचे थंड तापमान लागते, आणि ते आधी सांगावे लागते. पाण्यातील अशाच आणखी काही जंतूंमुळे, उपकरणे योग्य रीतीने निर्जंतुक न झाल्यास, इंजेक्शनाच्या किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या जागी महिन्याभराने गाठी येतात. यकृताचा विकार असलेल्यांनी समुद्राच्या पाण्यात जखम भिजू देऊ नये, कारण त्या पाण्यातील एक जंतू अशा माणसाचा प्राण एक-दोन दिवसांत घेऊ शकतो.

मेलिऑइडोसिस या रोगाची गोष्ट थोडी वेगळी आहे. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ साली रंगूनच्या रुग्णांवरून तो जगापुढे मांडला. भातखाचरांतील चिखल आणि पाणी हे त्याच्या जंतूचे वसतिस्थान. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कर्नाटकाच्या किनारी भागात, पावसाळ्यात त्याचे रुग्ण आढळतात आणि त्यांत मधुमेही बहुसंख्य असतात. त्वचेवरील गळू हे त्याचे एक रूप. यकृत, प्लीहा आणि फुफ्फुसातही त्याची गळवे होतात. लावणीच्या हंगामात चिखलात उभे राहणाऱ्या मधुमेही माणसाचे गळू नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल, तर हे नाव डॉक्टरांच्या मनात यावे लागते.

कागदावरील एक ओळ

पुण्यात निदानाची साधने नाहीत असे नाही. १८६७ पासून चालत आलेले ससून रुग्णालय आणि त्याच्याशी संलग्न बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय येथे पुणे जिल्ह्याबरोबरच सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. उणीव असते ती पुष्कळदा प्रयोगशाळेत पाठविलेल्या चिठ्ठीत. 'पायाची जखम, तपासणीसाठी' एवढेच लिहिले तर दोन दिवसांची नेहमीची तपासणी होते. 'प्रतिकारशक्ती दुर्बल, शेतात काम, तीन आठवडे औषधांना दाद नाही, बशी अधिक दिवस ठेवावी' असे लिहिले तर सारी तपासणीच बदलते. केवळ वरवरच्या द्रावापेक्षा जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढून त्याचे दोन भाग करावेत. एक सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा जंतू वाढविण्यासाठी. दुसरा भाग फॉर्मालिनमध्ये टाकू नये, नाहीतर जंतू तेथेच मरतात. ही चूक वाटते त्यापेक्षा अधिक वेळा होते.

नमुना घेण्याआधी प्रतिजैविके सुरू झाली की निदान आणखी अवघड बनते. येथे औषधांच्या दुकानाचा प्रश्न येतो. अनेक प्रभावी प्रतिजैविके २०१४ पासून 'एच-१' या कडक अनुसूचीत आहेत आणि विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारास बंधनकारक आहे. त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टिरॉइड मलमांनाही २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट लागू झाली. तरीही 'खाज जाणारे मलम' म्हणून अशा नळ्या सर्रास मागितल्या जातात. त्याने लाली मावळते, बरे वाटते आणि आत जंतू वाढत राहतो.

चिठ्ठीवर प्रतिकारशक्तीचा उल्लेख करायचा, पण रुग्णाची गुप्तताही राखायची, हा पेच एचआयव्ही बाधितांच्या बाबतीत नाजूक आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्यानुसार कोणाचीही बाधा त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरास ही माहिती लागते. सरपंचास, मुख्याध्यापकास किंवा कार्यालयातील वरिष्ठास ती विचारण्याचा अधिकार नाही. चौकात किंवा वर्गात 'याला असली जखम का झाली' अशी चौकशी झाली की रुग्ण दवाखान्यात जाण्याचेच टाळतो, आणि हे नुकसान कोणत्याही जंतूपेक्षा लहान नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकांनी निःशंकपणे लक्षात घ्यावी. येथे वर्णिलेले मातीतील व पाण्यातील जंतू सर्वसाधारणपणे एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरत नाहीत. कर्करोगावरील उपचार घेऊन परतलेल्या मुलाच्या हातावर पट्टी आहे म्हणून त्याला वेगळ्या बाकावर बसविण्याचे कारण नाही. त्याला शाळेच्या बागेत माती उकरण्याचे काम देऊ नये, एवढी काळजी पुरे. तशा रुग्णास बागकाम करावेच लागले तर हातमोजे व बंद पादत्राणे हवीत, आणि खरचटल्यास लगेच साबण व स्वच्छ पाण्याने धुणे हवे.

औषध स्वस्त, मुदत लांब

नोकार्डियावरील मुख्य औषध कोट्रायमोक्सॅझोल हे जुने, स्वस्त आणि शासकीय दवाखान्यांत परिचित आहे. रोग गंभीर असल्यास त्याच्या जोडीला शिरेवाटे दुसरी औषधे द्यावी लागतात. हे औषध काहींना सोसत नाही, मूत्रपिंडाच्या रुग्णांत त्याची मात्रा सांभाळावी लागते आणि नोकार्डियाच्या काही जाती त्याला दाद देत नाहीत. म्हणून ते परस्पर घेण्याचे औषध नव्हे. त्याचबरोबर रोपणाची औषधे किंवा स्टिरॉइड यांची मात्रा कमी करावयाची किंवा नाही हे तज्ज्ञाने ठरवावयाचे असते. जंतुसंसर्ग झाल्याचे ऐकून घाबरून रुग्णाने स्टिरॉइड एकाएकी बंद केले तर तेच प्राणघातक ठरू शकते.

उपचाराची मुदत हा या साऱ्यातील सर्वांत अवघड भाग आहे. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसाच्या केवळ त्वचेपुरत्या रोगास काही महिने पुरतात. ती दुर्बल असेल तर सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावे लागते. जखम मात्र बहुधा पहिल्या महिन्यातच सुकू लागते. पेरणी किंवा तोडणीचा हंगाम जवळ आलेला असतो, पुण्यास जाऊन येण्यात दिवसाची मजुरी बुडते, आणि गोळ्या थांबतात. काही महिन्यांनी तोच रुग्ण डोकेदुखी किंवा खोकला घेऊन परततो. तोवर जंतू मेंदूत किंवा फुफ्फुसात गेलेला असतो, आणि पायावरच्या जुन्या वणाची आठवण त्याने स्वतःहून सांगितली नाही तर नवे डॉक्टर तपासणीस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. क्षयरोगाच्या औषधांसाठी घरोघरी जाणारी आशा कार्यकर्ती अशा रुग्णाच्या घरीही महिन्यातून एकदा डोकावू शकते. त्यासाठी रुग्णालयातून सुटताना मिळालेल्या कागदाची एक प्रत, रुग्णाच्या संमतीने, गावच्या उपकेंद्रात पोहोचलेली असावी लागते, आणि तीवर औषध कोणत्या तारखेपर्यंत घ्यावयाचे ते ठळक अक्षरात लिहिलेले असावे लागते.